घरातले तीन चेहरे आणि एकच संच

‘ताई, मी २६ वर्षांची आहे. घरात आई (५४), धाकटा भाऊ (१९) आणि मी. तीन महिन्यांपूर्वी मी तिघांसाठी मिळून एकच संच घेतला. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, १० टक्के नायसिनमाइडचं सीरम, रात्री लावायचं ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं टोनर आणि एक जेल मॉइश्चरायझर. भावाचा चेहरा खूपच सुधारला. आईचे गाल मात्र ताणल्यासारखे होतात, पापुद्रे निघतात, म्हणून तिने सगळं बंद केलं. माझं नाक-कपाळ अजून तेलकटच आहे, साधं पाणी लागलं तरी गाल चुरचुरतात, हनुवटीवर नवे मुरुम येतात आणि जाताना काळे डाग ठेवून जातात. आता दोन क्रीम पाहून ठेवलीत, त्यांच्या घटकांच्या याद्या सोबत पाठवते. दोन्हींतलं चांगलं कोणतं? व्हिटॅमिन सी आणि रेटिनॉल कधी सुरू करू? आणि माझ्याच चेहऱ्याला काही का मानवत नाही?’

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचताना मी एका ओळीपाशी थांबले. ‘साधं पाणी लागलं तरी गाल चुरचुरतात.’ ही ओळ तू जाता जाता लिहिलीस आणि पुढे दोन क्रीमच्या याद्या मात्र अगदी शेवटच्या शब्दापर्यंत उतरवून काढल्यास. मला उत्तर त्या ओळीपासूनच सुरू करावं लागेल. पाण्याने चुरचुरणारी त्वचा तेलकट की कोरडी, हे आज ठरवता येणार नाही. ती आज दुखावलेली आहे.

चेहऱ्याचा सगळ्यात वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध गिलावा, अशी त्याची रचना. पीटर इलायस या त्वचातज्ज्ञांनी रूढ केलेली ही उपमा आजही शिकवली जाते, कारण ती फार अचूक आहे. या गिलाव्यात वजनाने जवळपास निम्मे सिरामाइड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात, उरलेल्यात मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड. गिलावा शाबूत असला की आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचं त्रासदायक बाहेर. ग्लायकोलिक अ‍ॅसिड नेमकं या विटांची एकमेकींवरची पकड सैल करतं. आठवड्यातून एक-दोन रात्री हे झालं तर चेहरा मऊ दिसतो. तू ते रोज रात्री लावलंस, दिवसातून दोनदा सॅलिसिलिकने धुतलंस, वर १० टक्के नायसिनमाइडचं, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचं, सीरम. तीन महिने भिंत खरवडली गेली आणि तिला सावरायला एक दिवसही मिळाला नाही.

म्हणजे तुझ्या चेहऱ्याला काही मानवत नाही असं नाही. सगळं एकदम आणि रोज दिलेलं त्याला सोसलं नाही, इतकंच. यात तुझ्या त्वचेचा काही दोष नाही, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

मी बारा वर्षं क्रीम बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं. तिथे असताना एका हिवाळ्यात मी स्वतः हेच केलं होतं. आमच्याकडे नमुन्याला येणारं अ‍ॅसिडचं टोनर आणि रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं एक रूप) एकाच आठवड्यात सुरू केलं. दहाव्या दिवशी, रोज लावत होते तेच साधं क्रीम लावल्यावर डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं क्रीमच खराब झालंय. क्रीम तेच होतं, त्वचा बदलली होती. म्हणून तुझी ओळ मला लगेच ओळखू आली.

आता तुझ्या डागांचं. तू त्यांना वेगळा आजार समजून वेगळं सीरम शोधते आहेस. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत जिथे जिथे दाह होतो तिथे रंगद्रव्य जास्त तयार होतं, आणि मुरुम गेल्यावरही ती खूण महिनोन् महिने राहते. मुरुमाचा दाह असो की अ‍ॅसिडने झालेली आग, त्वचेला दोन्ही सारखेच. डाग घालवण्यासाठी चेहरा आणखी जाळायचा म्हणजे नव्या डागांची सोय करायची. आपल्यासारख्या रंगाच्या त्वचेसाठी तर सौम्य राहणं हाच डागांवरचा पहिला उपाय आहे. हे वाक्य वाटल्यास आरशावर लिहून ठेव.

तर पुढचे चार आठवडे टोनर बंद, सीरम बंद, सॅलिसिलिकचा फेसवॉश भावाकडे. तू फक्त तीन गोष्टी वापर: सौम्य, बिनवासाचा फेसवॉश, एक क्रीम आणि सकाळी सनस्क्रीन. चार आठवडे अशासाठी की त्वचेचा वरचा थर साधारण तेवढ्या काळात नवा होतो, वय वाढेल तसा आणखी सावकाश. फेसवॉश रात्री एकदाच, सकाळी नुसतं पाणी पुरे. अंगाचा साबण तोंडाला लावू नकोस. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आम्ल) पाचच्या आसपास, आणि नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. धुतल्यावर जो ‘स्वच्छ, कोरा’ ताण जाणवतो ना, तो स्वच्छतेचा पुरावा नव्हे. तो स्निग्धता धुऊन गेल्याचा आहे.

क्रीम कोणतं, या तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. दोन्ही याद्या समोर घेऊन बसले आहे.

यादी कशी लिहितात ते आधी. ज्याचं प्रमाण सगळ्यात जास्त ते पहिलं, मग उतरत्या क्रमाने. पण एक टक्का आणि त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहायची मुभा असते. म्हणून यादीत एक अदृश्य रेघ असते, आणि ती कुठे आहे हे ओळखता आलं की अर्धी तुलना झालीच म्हणून समज. रेघ शोधायला सोपी खूण म्हणजे फेनॉक्सिइथेनॉल. हे परिरक्षक, म्हणजे क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात ते. युरोपच्या नियमांत त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे आणि इतरत्रही बहुतेक उत्पादक तीच पाळतात. यादीत ते दिसलं की त्याच्या नंतरचं सगळं एक टक्क्याच्या आतलं आहे असं धरायला हरकत नाही.

तुझ्या दुसऱ्या क्रीमला ही पट्टी लाव. डबीवर पुढे मोठ्या अक्षरांत ‘हायल्युरोनिक आणि वनस्पतींचा अर्क’. मागे पाणी, अल्कोहोल डिनॅट, डायमेथिकॉन, नायसिनमाइड, ग्लिसरीन, मग फेनॉक्सिइथेनॉल, परफ्यूम, लिनालूल, लिमोनीन, आणि त्यानंतर कुठे सोडियम हायल्युरोनेट आणि अर्क. ज्याच्या नावाने क्रीम विकलं जातंय तो अर्क सुगंधाच्याही मागे बसलाय. आणि ज्याचं नाव पुढे कुठेच नाही ते अल्कोहोल पाण्याच्या खालोखाल. ते घातल्याने क्रीम हलकं लागतं, चटकन सुकतं. तेलकट, धडधाकट त्वचेला कदाचित आवडेलही. तुझ्या आजच्या गालांवर मात्र ते आग करेल.

पहिल्या क्रीमची यादी वाचून तू बाजूला लिहिलं आहेस, ‘यातही अल्कोहोल आहे, आणि पेट्रोलॅटम म्हणजे रंध्रं बुजणार ना?’ दोन्ही शंका रास्त आहेत, कारण नावंच फसवी आहेत. त्यातलं सेटिअरिल अल्कोहोल हे मेणासारखं पांढरं, घट्ट स्निग्ध द्रव्य आहे. मी ते पोत्यातून काढून वितळवलं आहे. हातावर उडून जात नाही, उलट मऊपणा देतं. सुकवणारं अल्कोहोल वेगळं, हे वेगळं. अल्कोहोल डिनॅट, इथेनॉल किंवा नुसतं अल्कोहोल असं लिहिलं असेल तर ते उडून जाणारं. आणि पेट्रोलॅटम, म्हणजे पेट्रोलियम जेली, नीट शुद्ध केलेलं असेल तर रंध्रं बुजवत नाही. त्वचेतून उडणारं पाणी अडवण्यात त्याच्या तोडीचं फारसं काही नाही. १८७२ साली रॉबर्ट चेसब्रो यांनी त्याचं पेटंट घेतलं, आणि दीडशे वर्षांनंतरही जखमेच्या काळजीत डॉक्टर तेच सुचवतात. त्याची अडचण एकच, ते चिकट आणि जड वाटतं. तुझ्या क्रीममध्ये ते यादीच्या मध्यावर आहे, म्हणजे तेवढं जड लागणार नाही.

‘मुरुम न आणणारं’ असा शिक्का दोन्ही डब्यांवर आहे म्हणून तू निश्चिंत आहेस. त्या शिक्क्यावर फार भिस्त ठेवू नकोस. कोणता घटक रंध्रं बुजवतो याच्या बऱ्याचशा जुन्या याद्या सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांतून आल्या, आणि सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी हळवा असतो. शिवाय तिथे घटक बहुतेकदा एकेकटा आणि दाट लावून पाहिलेला. क्रीममध्ये तो दोन टक्के असला तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या चेहऱ्यावर सहा आठवडे काय होतं, तीच खरी चाचणी.

पहिल्या क्रीममध्ये ग्लिसरीन दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि माझं मत तिथेच ठरलं. ग्लिसरीनला जाहिरातीत कोणी विचारत नाही, कारण ते जुनं आणि स्वस्त. प्रयोगशाळेत एखादं क्रीम चांगलं झालं की आम्ही त्यातला महागडा घटक काढून, ग्लिसरीन तेवढंच ठेवून पुन्हा बनवून पाहायचो. कितीदा तरी फरक सांगता यायचा नाही. ते पाणी धरून ठेवतं, डायमेथिकॉन आणि पेट्रोलॅटम त्यावर झाकण घालतात, आणि यादीच्या मधले ट्रायग्लिसराइड, म्हणजे तेलकट घटक, खरखर मऊ करतात. ओल धरणारं, मऊ करणारं, झाकणारं, ही तीन कामं कोण करतंय ते प्रत्येक क्रीमच्या यादीत शोध. तेलकट त्वचेला पहिलं जास्त आणि तिसरं थोडं लागतं, कोरडीला तिन्ही भरपूर. जेल आणि क्रीममधला फरक मुख्यतः एवढाच.

सिरामाइड या क्रीममध्ये फेनॉक्सिइथेनॉलच्या खाली आहे, म्हणून तू त्यापुढे फुली मारलीस. ती फुली खोड. सिरामाइड किंवा रेटिनॉलसारखे घटक एक टक्क्याच्या आतही काम करतात. नायसिनमाइड रेघेखाली दिसलं तर मात्र ते नावापुरतं, कारण त्यावरचे बरेचसे अभ्यास २ ते ५ टक्क्यांचे आहेत. कोणत्या घटकाला किती लागतं हे माहीत असल्याशिवाय नुसत्या क्रमावरून निकाल देता येत नाही. आणि १० टक्के हे ५ टक्क्यांच्या दुप्पट चांगलं, हा हिशेब त्वचेला लागू नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडचं उदाहरण घे. मुरुमांवर २.५ टक्के आणि १० टक्के यांची तुलना १९८६ सालीच झाली. मुरुम जवळपास सारखेच कमी झाले, आग आणि सोलवटणं मात्र १० टक्क्यांत जास्त. पुढे कधी वापरलंस तर कमीचंच घे, आणि पांढऱ्या उशीवर झोप, कारण रंगीत कापडाचा रंग ते उडवतं.

सुगंधाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. लिनालूल, लिमोनीन ही वेगळी छापलेली नावं म्हणजे सुगंधातले अ‍ॅलर्जी करू शकणारे घटक. युरोपात, धुऊन न टाकायच्या उत्पादनात ते ०.००१ टक्क्याहून जास्त असतील तर नावानिशी सांगावे लागतात. नैसर्गिक सुगंधी तेलांतही हेच असतात, त्यामुळे ‘नैसर्गिक’ शब्दाने काही फरक पडत नाही. ज्याला त्रास नाही त्याने खुशाल वापरावं. चुरचुरणाऱ्या त्वचेने नाही. ‘वास नसलेलं’ आणि ‘सुगंध न घातलेलं’ यांतही भेद आहे: पहिल्यात वास दाबायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. उलट पॅराबेन (हेही परिरक्षकच) पाहून तू एक चांगला फेसवॉश परत केलास, ते मनाला लागलं. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने, म्हणजे स्पर्शाने होणाऱ्या त्वचेच्या दाहाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने, २०१९ साली पॅराबेनना मुद्दाम वर्षाचा ‘अ‍ॅलर्जी न करणारा’ घटक म्हणून निवडलं होतं. त्यांच्याऐवजी जे मिथाइलआयसोथायाझोलिनोन अनेकांनी वापरायला घेतलं, त्याला याच संस्थेने २०१३ साली वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक घटक ठरवलं. ते नाव लांबलचक आहे, पण क्रीमच्या यादीत दिसलं तर डबी खाली ठेव.

तेव्हा तुझ्यासाठी पहिलं क्रीम. रात्री सगळ्या चेहऱ्याला, तोंड पुसून किंचित ओलसर असतानाच. नाक-कपाळावर पातळ हात, गालांवर जरा सढळ. एकाच चेहऱ्याला सगळीकडे सारखंच लावायचा नियम कोणी केलेला नाही. आणि चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला सात-दहा दिवस, दिवसातून दोनदा लावून पाहा. मला माहीत आहे की एवढा धीर कोणाला नसतो. तुला या वेळी ठेवावा लागेल.

चार आठवड्यांनी चुरचुर थांबली की एका सकाळी चेहरा सौम्य फेसवॉशने धू, पूस, काही लावू नकोस आणि तासाभराने उजेडात बघ. कपाळ-नाक चमकतंय आणि गाल साधे, तर मिश्र त्वचा. सगळीकडे चमक असेल तर तेलकट, सगळीकडे ओढ असेल तर कोरडी. चमकही आहे आणि ओढही आहे, असं झालं तर त्वचेत तेल आहे पण पाणी कमी आहे; मुरुमांसाठी चेहरा फार धुणाऱ्यांचं हे नेहमी होतं, आणि तेलकट म्हणून ते आणखी धूत राहतात. संवेदनशील हा या सगळ्यांवर बसणारा वेगळा गुण आहे. तेलकट त्वचाही संवेदनशील असू शकते.

मग एकेक गोष्ट परत आण, दोन गोष्टींच्या मध्ये किमान तीन आठवडे. तुझ्यासाठी माझा क्रम असा: आधी सॅलिसिलिक अ‍ॅसिड, ०.५ ते २ टक्के, आठवड्यातून दोन रात्री, फक्त तेलकट भागावर. ते तेलात विरघळतं, म्हणून रंध्रात उतरून अडकलेलं सैल करतं; ग्लायकोलिक पाण्यात विरघळणारं, ते वरवर काम करतं, म्हणून मुरुमांना सॅलिसिलिक बरं. तेवढ्याने भागलं तर ग्लायकोलिककडे पुन्हा जायचंच कशाला? डागांसाठी नायसिनमाइड ४-५ टक्क्यांचं, किंवा अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, जे मुरुम आणि डाग दोन्हींवर चालतं आणि गरोदरपणातही सहसा वापरता येतं. व्हिटॅमिन सी मला तुझ्यासाठी घाईचं वाटत नाही. शुद्ध एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड त्वचेत शिरायला पीएच ३.५ च्या खाली लागतो आणि तुझे गाल तो सोसणार नाहीत. शिवाय ते फार लवकर बिघडतं. पाण्यासारखं पारदर्शक बनवून ठेवलेलं आमचं सीरम सैल झाकणाच्या बाटलीत काही आठवड्यांतच गडद पिवळं व्हायचं. तपकिरी झालेलं सीरम मग कितीही महाग असो, टाकून दे.

रेटिनॉल सगळ्यात शेवटी, कमीत कमी तीव्रतेचं, आठवड्यातून दोन रात्री, अ‍ॅसिडच्या रात्री सोडून. गरोदर असशील किंवा तसा विचार असेल तर अजिबात नको. आणि कोणी ‘आठ दिवसांत डाग साफ’ म्हणून घटकांची यादीच नसलेलं क्रीम दिलं तर हात लावू नकोस. अशा क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड निघतं. पहिले काही दिवस चेहरा छान दिसतो, मग त्वचा पातळ पडते, लाल नसा दिसू लागतात, आणि बंद केलं की मुरुम उसळतात. हनुवटीवरच्या नव्या मुरुमांबद्दल एक विचारते: पाळी नियमित आहे ना? नसेल, किंवा मुरुम खोल, दुखरे आणि खड्डे पाडणारे असतील, तर चार आठवडे थांबू नकोस, त्वचारोगतज्ज्ञांना दाखव.

सनस्क्रीनमध्ये काटकसर नको. एसपीएफ ३० अतिनील बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० सुमारे ९८, पण तेवढं जाड लावलं तरच. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून. डाग पडणाऱ्या त्वचेला दिसणारा प्रकाशही त्रास देतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाची छटा असलेलं मिळालं तर तेच घे.

भावाला आहे ते चालू दे. त्याची त्वचा तेलकट आहे, त्याला सॅलिसिलिक आणि जेल दोन्ही मानवलंय. त्याला फक्त सांग की दाढी केलेल्या रात्री टोनर लावू नकोस.

आईचं आता. पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेल्यावर, तेल कमी होतं आणि त्वचेतले सिरामाइडही घटतात. तेल काढणारा फेसवॉश आणि पातळ जेल तिच्या कामाचे नव्हतेच. तिने बंद केलं ते बरोबर केलं, आणि हे तिला माझ्याकडून सांग. तिला तेच पहिलं क्रीम सकाळ-रात्री दे, त्यात भर घालायला यूरिया ५ टक्क्यांचं एखादं लोशन हातापायांना. गालांचे पापुद्रे अ‍ॅसिडने काढायचे नाहीत, ओलाव्याने बसू द्यायचे. तिला डबे-बाटल्यांचा कंटाळा आहे असं तू लिहिलंस. मग रात्री तोंड धुतल्यावर ओलसर गालांवर साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली, वाटाण्याएवढी, दोन्ही तळव्यांत विरघळवून हलक्या हाताने दाबून लावू दे. तेवढंही तिला पुरेल.